दुसऱ्या रात्रीचं रडणं

प्रश्न : ताई, मला आठवा महिना आहे. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी सगळे म्हणाले, 'हिला दूधच नाही.' बाळ रात्रभर रडत होतं, म्हणून बाटली दिली. पुढे ते अंगावर प्यायलंच नाही. या वेळी तसं व्हायला नको. काय करू?

उत्तर : बाळंतिणींच्या वॉर्डात मी 31 वर्षं परिचारिका होते. 'दूधच नाही' हे मी बहुतेक वेळा दुसऱ्या रात्रीच ऐकलं. एकदा पहाटे अशाच एका रडवेल्या आईला मी हाताने दाबून चीक, म्हणजे सुरुवातीचं दूध, काढायला शिकवलं. चमच्यात सात-आठ पिवळे थेंब पडले. ती बघतच राहिली. बाळाने ते चाटून घेतले नि मग छातीला लागलं.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी 2 ते 10 मिलिलिटरच पितं, आणि चीकही तेवढाच येतो. घट्ट असतो, रोगांशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. भरपूर दूध उतरतं ते साधारण 2 ते 4 दिवसांनी; वार (पोटात बाळाला पोसणारा अवयव) पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं, त्यानंतर. सिझर झालं तर थोडा उशीर लागू शकतो.

दुसऱ्या रात्री बाळ सारखं छाती मागतं. त्या चोखण्यानेच दूध वाढतं. तेव्हा बाटली दिली की तेवढं चोखणं कमी होतं. यात तुझी चूक नव्हती गं, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला उघड्या छातीवर घे. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाज, घड्याळ न बघता. नुसतं बोंड तोंडात गेलं तर दुखतं आणि दूधही नीट येत नाही. बाळाने मोठा आ केला की भोवतालच्या काळ्या भागासकट तोंडात जाऊ दे, हनुवटी छातीला टेकलेली हवी. बाळ झोपाळू असेल तर चीक काढून चमच्याने दे.

पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. काळी शी तोवर पिवळी व्हायला हवी. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच. पण घट 10 टक्क्यांपर्यंत गेली, बाळ पिण्यासाठी उठेना, शू कमी झाली किंवा अंग पिवळं दिसलं, तर लगेच डॉक्टरांना दाखव. त्यांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर दे, पण छातीला लावणं थांबवू नकोस.

मागच्या वेळी काय झालं ते प्रसूतीआधीच तिथल्या सिस्टरना सांगून ठेव. पहिल्यांदा पाजतानाच कुणीतरी जवळ बसून बाळ नीट लागलंय का ते बघायला हवं.