जैवतंत्रज्ञान अभियांत्रिकी म्हणजे गाईचं गोमूत्र का?

प्रश्न असा आलाय की टेक्नॉलॉजी म्हणजे तंत्रज्ञान आणि इंजिनिअरिंग म्हणजेही जवळपास तेच, मग 'बायोटेक्नॉलॉजी इंजिनिअरिंग' म्हणणं म्हणजे गाईचं गोमूत्र म्हटल्यासारखं नाही का, आणि जनुकीय अभियांत्रिकी, जैववैद्यकीय अभियांत्रिकी, जैवअभियांत्रिकी ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का.

नाही, द्विरुक्ती नाहीये. आणि ती नावंही वेगवेगळ्या गोष्टींची आहेत, बातम्यांमध्ये सर्रास एकाच्या जागी दुसरं वापरतात ते सोडा.

आधी मूळ शब्दाचं बघू. 'बायोटेक्नॉलॉजी' हा शब्द रूढ केला तो कार्ल एरेकी नावाच्या हंगेरियन कृषी अभियंत्यानं, १९१९ साली, एका जर्मन पुस्तकात. जनुकं वगैरे त्याच्या डोक्यात असण्याचा प्रश्नच नाही, डीएनएची रचना कळायला १९५३ उजाडलं, हा माणूस डुकरं मोठ्या प्रमाणावर पोसून मांस कारखान्यातल्या मालासारखं कसं काढता येईल याचा विचार करत होता. जनावर म्हणजे त्याच्या लेखी एका बाजूनं चारा घेऊन दुसऱ्या बाजूनं पक्का माल देणारं यंत्र! म्हणजे शब्द आला तोच मुळी इंजिनिअरच्या तोंडून. पुढे १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका जीवाचा डीएनए कापून जिवाणूत घालून तो तिथे वाढवून दाखवला आणि तिथून लोकांच्या मनात बायोटेक म्हणजे प्रयोगशाळा, पिपेट आणि जनुकं असं समीकरण बसलं. माझ्या मते म्हणूनच मोठ्या प्रमाणावर माल काढण्याच्या बाजूबद्दल बोलायचं तर शेवटी वेगळं 'इंजिनिअरिंग' जोडायची गरज पडते.

आता त्या जोडलेल्या शब्दात नेमकं काय काम आहे ते इन्शुलिनवरून चांगलं कळतं. पूर्वी इन्शुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ मध्ये माणसाच्या इन्शुलिनचा जीन (जनुक) ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्शुलिन बनवून घेता आलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला परवानगी मिळाली. मधली चार वर्षं कशात गेली? चाचण्या आणि परवानग्या तर होत्याच, पण काचेच्या चंबूत जे जमलं ते मोठ्या टाकीत जमवणं हेही होतंच आणि ते आपोआप होत नाही. टाकीची लांबी, रुंदी, उंची सगळं दहापट केलं तर आतला द्रव हजारपट होतो पण भिंतीचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट, आणि वाढणारे जिवाणू उष्णता सोडत असतात, ती बाहेर जाणार कुठून, तर त्या भिंतीतूनच, म्हणजे चंबूत ज्याची काळजीच नव्हती ते टाकीत पहिलं संकट होऊन बसतं. मग बाहेरून थंड पाण्याचं वेष्टण द्या, आत नळ्यांची वेटोळी टाका.

दुसरं संकट ऑक्सिजन. साध्या तापमानाला हवेच्या संपर्कातल्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि दाट वाढलेले जिवाणू तेवढा बघता बघता संपवतात, म्हणून खालून सतत हवेचे बुडबुडे सोडायचे आणि पात्यांनी ढवळत राहायचं. जिवाणू हे ढवळणं सोसतात, पण हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या ज्या पेशींत आज बरीच अँटिबॉडी औषधं बनतात त्या नाजूक असतात, जास्त जोरात ढवळलं किंवा बुडबुडे त्यांच्याजवळ फुटले तरी मरतात. कमी ढवळलं तर गुदमरतात. ही मधली वाट शोधणं म्हणजे इथलं इंजिनिअरिंग. त्यात एकही परका जंतू आत शिरला तर अख्खी बॅच गेली, कारण ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो पण या पेशींना त्यासाठी एक दिवसाच्या आसपास लागतो, शर्यत कोण जिंकणार उघड आहे.

आणि एवढं करून माल तयार झाला तरी तो असतो पेशींच्या रबड्यात. जिवाणूच्या आत इन्शुलिनच्या साखळ्यांच्या गुठळ्या होतात, पेशी फोडायची, गुठळ्या वेगळ्या करायच्या, विरघळवायच्या, प्रथिनाची घडी पुन्हा नीट बसवायची, मग शुद्ध करायचं. या मागच्या टप्प्याला डाउनस्ट्रीम म्हणतात, आणि अशा औषधांत बरेचदा अर्ध्याहून जास्त उत्पादनखर्च तिथेच जातो. वर्तमानपत्रात कौतुक मात्र जीन घालणाऱ्याचं होतं.

हे काही नवीन नाही. पेनिसिलिन फ्लेमिंगला १९२८ मध्ये दिसलं खरं पण बुरशी पृष्ठभागावर वाढवायची म्हणजे असंख्य उथळ भांडी लागायची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खोल टाकीत हवा सोडून बुरशी द्रवाच्या आत वाढवायची पद्धत बसली तेव्हा ते औषध खऱ्या अर्थानं लोकांपर्यंत गेलं. तसा पहिला व्यापारी कारखाना डिझाइन करण्याचं श्रेय मार्गारेट हचिन्सन रूसो या केमिकल इंजिनिअर बाईंना देतात. फ्लेमिंग सगळ्यांना पाठ, या बाई कुणालाच नाहीत.

उपयोगांचं म्हणाल तर औषधं हा फक्त एक भाग झाला. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग तोडणारे एंझाइम (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारी प्रथिनं) जिवाणू-बुरशींकडून बनवून घेतलेले असतात, जीन्सला जुनाट रंग आणायला पूर्वी सच्छिद्र दगड टाकून घुसळायचे तिथे आता सेल्युलेज एंझाइम वापरता येतं, कागदाचा लगदा पांढरा करायला लागणारं क्लोरीन कमी करायला झायलनेज. चीज घट्ट करायला वासराच्या पोटातून जे रेनेट काढत त्यातलं मुख्य एंझाइम सूक्ष्मजीवांकडून करवून घ्यायला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली. सायट्रिक अ‍ॅसिड लिंबातून येत असेल असं वाटतं ना? कारखान्यातलं बहुतेक सगळं अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून येतं आणि तेही गेली शंभर वर्षं. कमी प्रतीच्या खनिजातून तांबं सोडवून घ्यायला जिवाणू कामाला लावतात. सांडपाणी शुद्ध करायची अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धत (टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची) तर १९१४ ची, मँचेस्टरची, आणि प्रमाणाच्या हिशेबानं बघितलं तर जगातल्या सगळ्यात मोठ्या जैविक टाक्या औषधांच्या नाहीत, सांडपाण्याच्या आहेत. शेतीतली बीटी पिकं वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेतच.

आता नावांकडे. 'जनुकीय अभियांत्रिकी' मध्ये अभियांत्रिकी होते ती जनुकांवर, म्हणजे पेशीच्या आत बदल. 'जैवतंत्रज्ञान अभियांत्रिकी' मध्ये ती बदललेली किंवा न बदललेली पेशी घेऊन तिच्याभोवतीची सगळी व्यवस्था उभी करायची, वर म्हटलेल्या काळ्या बुरशीकडून काम करून घ्यायला तिच्या जनुकांना हात लावायची सक्ती नाही. दोन्ही एकाच कारखान्यात असू शकतात पण काम वेगळं. 'जैववैद्यकीय अभियांत्रिकी' म्हणजे पेसमेकर, कृत्रिम सांधे, एमआरआय, इथे इंजिनिअर माणसाच्या शरीरासाठी उपकरण बनवतो, टाकीत काही वाढवायलाच हवं असं नाही. 'जैवअभियांत्रिकी' ही मोठी छत्री, तिच्याखाली कोण काय ठेवतो ते विद्यापीठागणिक बदलतं. जैवतंत्रज्ञान अभियांत्रिकीचा सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे 'जैवरासायनिक अभियांत्रिकी', अभ्यासक्रम बघितलात तर दोन्हीत अर्धे विषय तेच निघतील.

लिहिताना 'जैवतंत्रज्ञान' जोडून लिहा. 'जीवतंत्रज्ञान' चूक नाही पण आता मागे पडलंय, 'जैवप्रौद्योगिकी' हिंदीतलं आहे, मराठीत त्याची गरज नाही. 'जैविक तंत्रज्ञान' मी टाळतो कारण 'जैविक' म्हटलं की लोकांना रसायनं न वापरलेली शेती आठवते आणि इथे तर रसायनांशिवाय पान हलत नाही. एंझाइमला 'विकर' म्हणा, शाळेच्या पुस्तकात आहे, पण कारखान्यात कुणी म्हणताना ऐकलं नाही. फर्मेंटरला, म्हणजे वर सांगितलेल्या जिवाणू-बुरशी वाढवायच्या टाकीला, 'किण्वनपात्र' ठीक आहे. बायोरिअ‍ॅक्टरला मात्र अणुभट्टीच्या चालीवर 'जैवभट्टी' करू नका, आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायलाच बाहेरून थंड पाणी फिरवावं लागतं, भट्टी कसली!