मुलीच्या जन्मसालातली (2017) पुलिनी-मोंराशे, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडीतली पांढरी वाईन, माझ्याकडे एकच बाटली आहे, प्रीमिए क्रू दर्जाची. ती तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला उघडायची आहे. पुण्यात घरी ठेवली तर टिकेल का?

टिकेलही, पण तुमच्याकडे एकच बाटली आहे, त्यामुळे मी हा जुगार खेळणार नाही. प्रीमिए क्रू (सर्वोच्च दर्जाच्या एक पायरी खालची) म्हणताय, म्हणजे आत्ता ती ऐन रंगात असायला हवी. वर्ष-दोन वर्षांत काय तो मुहूर्त बघा आणि उघडा.

पूर्वी चांगली पांढरी बर्गंडी लोक निर्धास्तपणे पंधरा-वीस वर्षं ठेवायचे. तो भरवसा 1995-96च्या वाईन्सनी घालवला. ऐन तारुण्यात असायला हव्या होत्या तेव्हा कित्येक बाटल्या तपकिरी पडलेल्या निघाल्या, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा किंवा शेरी या स्पॅनिश वाईनचा. त्यातही एकाच खोक्यातली एक बाटली ठणठणीत आणि शेजारची गेलेली! म्हणून पहिला संशय बुचावर गेला. पण वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड कमी वापरणं, द्राक्षं फार हळुवार दाबणं, पिंपातला गाळ सारखा ढवळणं, अशी इतर कारणंही पुढे आली. एकच आरोपी काही सापडला नाही. आता बरेच उत्पादक बुचाचा भुगा शुद्ध करून बनवलेली डायम बुचं वापरतात, त्याने फरक पडलाय. तरीही माझा हात आखडताच.

तोवर बाटली माळ्यावर किंवा ओट्याजवळ ठेवू नका. ती बिघडायला पुण्यातला एकच एप्रिल महिना पुरे होतो. 12-13 अंशांवर चालणारा वाईनचा फ्रिज असेल तर उत्तम, त्यात आडवी ठेवा. तो नसेल तर सरळ या हिवाळ्यातच उघडा.

उघडताना बर्फासारखी गार नको, वासच येत नाही. घरच्या फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा आणि मोठ्या ग्लासात घ्या. सुरुवातीला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला तर घाबरू नका, बहुधा तो हवा लागली की निवळतो. मग लिंबू, ओला दगड, थोडा हेझलनट असं काही काही हाती लागतं. शेजारच्या मेर्सो गावच्या वाईनपेक्षा पुलिनी साधारणपणे जरा सडपातळ, ताठ कण्याची. (मला तीच जास्त आवडते.) तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरेटचे, म्हणजे वाईनमधल्याच आम्लाचे, निरुपद्रवी. सोबत लोण्यावर परतलेलं पापलेट ठेवा, तिखट मसाला मात्र नको.

एकविसाव्यासाठी त्याच सालची सोतेर्न, ही बोर्डोची वाईन, शोधा. गोड आहे, पण तिला वीस वर्षं म्हणजे काहीच नाही.