वाचकांचे प्रश्न : रक्तशोषक लॅम्प्रे आणि गोड्या पाण्यातील मासे

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चक्रमुखी (गोल, जबडा नसलेल्या तोंडाच्या) प्राण्यांमध्ये पेट्रोमायझॉनचे नाव वाचले. वामेसारखा दिसणारा हा प्राणी माशांचे रक्त शोषतो म्हणतात. त्याच्यामुळे अख्खा तलाव ओस पडू शकतो का? तो पवई तलावात येईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : पवईची काळजी नको. लॅम्प्रे, म्हणजेच पुस्तकातला पेट्रोमायझॉन, थंड प्रदेशातला असून भारतात आढळत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र दुर्दैवाने होकारार्थी आहे.

पेट्रोमायझॉन मॅरिनस हा मूळचा अटलांटिक महासागरातला. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपैकी वरच्या चार सरोवरांची वाट नायगारा धबधब्याने त्याच्यासाठी रोखून धरली होती. पण धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याची सुधारणा झाल्यावर तो १९२१ मध्ये ईरी सरोवरात आणि १९३८ पर्यंत थेट सुपीरियरमध्ये पोहोचला. दोष या प्राण्यापेक्षा माणसाने उघडून दिलेल्या वाटेचा अधिक आहे, असे मला वाटते.

त्याला जबडा नसतो. गोल, दातेरी तोंडाने तो माशाच्या अंगाला चिकटतो, खरबरीत जिभेने कातडी खरवडतो आणि लाळेतील द्रव्यामुळे रक्त गोठू देत नाही. सुटून गेल्यावर माशाच्या कुशीवर वाटोळी, लालसर जखम राहते. अशा जखमा मोजूनच तेथील अभ्यासक प्रादुर्भावाचा अंदाज घेतात. समुद्रातले मोठे मासे हा हल्ला बहुधा सोसतात, सरोवरातल्या लहान माशांना तो पेलत नाही. साधारण दीड वर्षाच्या परजीवी काळात एक लॅम्प्रे सुमारे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. उशिरा वयात येणाऱ्या लेक ट्राउटला याचा सर्वाधिक फटका बसला. वरच्या सरोवरांत वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड मिळणारा हा मासा १९६० च्या दशकाच्या आरंभी जेमतेम ३ लाख पौंडांवर आला. अतिरेकी मासेमारीचाही त्यात वाटा होता, पण तिथल्या मच्छीमारांच्या घरांवर काय ओढवले असेल, हे आपल्या कोळीवाड्यांना वेगळे सांगायला नको.

उपाय सापडला तो पिल्लांच्या अवस्थेत. ती काही वर्षे ओढ्यांच्या गाळात पुरून राहतात. सुमारे ६,००० रसायने तपासल्यावर टीएफएम हे द्रव्य हाती लागले. योग्य मात्रेत ते पिल्लांना मारते, बहुतेक इतर मासे वाचतात. १९५८ पासूनच्या वापराने, बांध व सापळ्यांच्या जोडीने, लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. मात्र २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे हे काम कमी झाले, आणि लॅम्प्रे पुन्हा वाढले.