पगार झाला की आधी दशमांश

अगं, दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, जड वाटतो कारण आपण तो महिनाअखेरीस उरलेल्यातून काढायला जातो, आणि तेव्हा काही उरलेलंच नसतं. पगार 30,000 असेल तर त्याच दिवशी 3,000 वेगळ्या पाकिटात ठेव. भाडं, किराणा, फी त्यानंतर. नाताळसाठी जानेवारी ते नोव्हेंबर दरमहा 500 टाक. 5,500 जमले की करंज्या-चकल्यांच्या सामानाला उसनवारी लागत नाही.

रविवारची उपासना बहुतेक वेळा स्वयंपाकापायी चुकते. शनिवारी रात्रीच चिकनला दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून फ्रिजमध्ये ठेव. वाटणही करून ठेव. कणकेवर तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात घाल, नाहीतर ती काळपट पडते.

घरची प्रार्थना मात्र जेवणाआधीच घे, जेवल्यावर मुलं पेंगतात. एक स्तोत्र, एक गीत, 10 मिनिटं पुरे.