आज्जांच्या शंभर लिरांचा हिशेब

प्रश्न : आमचे आज्जा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले. परवा घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत १०० लिरांची नोट सापडली. आज्जा सांगायचे, ‘हिचे तीन रुपये पाच आणे चार पै.’ चुलते म्हणतात, लढाईआधी पौंडाला ९२ लिरा होते, म्हणजे चौदा रुपये तरी व्हायला हवेत. मुलगा मोबाइलवर बघून सांगतो, युरोला १९३६ लिरा, म्हणजे जेमतेम पाच सेंट. कुणाचं धरायचं?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : आज्जांचं धरा. चुलत्यांचा आणि मुलाचा आकडाही खरा आहे, पण तो ह्या नोटेच्या सालाचा नाही.

नोट उजेडात धरा. तिच्यावर इंग्रजीत ‘अलाइड मिलिटरी करन्सी’ आणि १९४३ असं छापलंय का बघा. पाठीमागे चार स्वातंत्र्यं लिहिलेली असतील : भाषणाचं, धर्माचं, गरजेपासून मुक्ती, भीतीपासून मुक्ती. तसं असेल तर ती इटलीच्या सरकारी बँकेची नोट नव्हे. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या, तेव्हा त्यांनी हा लष्करी पैसा बरोबर आणला आणि दरही त्यांनीच ठरवला : डॉलरला १०० लिरा, पौंडाला ४००.

आता रुपयाकडे या. १९२७ पासून रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. भागाकार केला की पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै (रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै). ४०० लिरांना त्यानं भागा, रुपयाला बरोबर तीस लिरा येतात. शंभराचे तीन रुपये पाच आणे चार पै. तुमचे आज्जा पैपर्यंत बरोबर होते. ‘तीस लिरा, एक रुपया’ हा हिशेब शिपाई उभ्याउभ्या तोंडी करू शकत होता.

चुलत्यांचे ९२ मुसोलिनीच्या काळातले. १९२६ च्या उन्हाळ्यात पौंड दीडशे लिरांच्या घरात गेला होता. मुसोलिनीनं तो देशाच्या इभ्रतीचा प्रश्न केला. ऑगस्टमध्ये पेझारो गावी भाषण करून लिरा वर खेचण्याची शपथच घेतली, आणि डिसेंबर १९२७ मध्ये दर ९२.४६ वर बसवला. त्यापायी मजुरांची मजुरी कापली गेली. त्याही आधी, १९१४ पूर्वी, दोन्ही चलनं सोन्याला बांधलेली असताना पौंडाला २५.२२ लिरा पडत. तेव्हाच्या १०० लिरांचे आपले जवळपास साठ रुपये होत.

१९४३ चे ४०० मात्र कुठल्याही बाजारात ठरलेले नव्हते. लढाईच्या तोंडावर डॉलर वीसेक लिरांना मिळत होता, तो एका हुकुमानं शंभराचा झाला. फौजेच्या हातातला पैसा मोठा झाला, इटलीतल्या बायाबापड्यांचा लहान. महागाई भडकली. मला हा दर नुसता आकडा म्हणून बघवत नाही. ज्या इटलीत मराठा पलटणीचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात पडले आणि नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच इटलीत आपल्या बेळगावच्या छावणीतून गेलेली पोरं ह्या नोटा खिशात घेऊन फिरत होती.

बेळगावात एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. खानापूरकडचे एक पेन्शनर तंबाखूच्या डबीत घडी करून अशीच नोट घेऊन आले. पागोटं, करकरीत धुतलेलं धोतर. ‘साहेब, हिचं काय येतं?’ मी दराचा तक्ता बघितला आणि म्हटलं, ‘आज्जा, ही चालत नाही.’ त्यांनी घडीवर घडी घालून नोट परत डबीत ठेवली, अंगठ्यानं झाकण दाबलं आणि पायऱ्या उतरून गेले. त्यांनी ती कधी, कुठं मिळवली, हे मी विचारलं नाही. ते आजही सलतं. त्यानंतरच मी जुने दर वहीत उतरवायला लागलो, आणि ह्या उत्तरातले आकडे त्या वहीतूनच दिलेत.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत उतरवली, त्याबरोबर आपल्या रुपयाचीही. लिरा तोवर आणखी घसरला होता, आणि ह्या बदलानंतर पौंडाला १७५० च्या आसपास लिरा पडू लागले. तुमच्या १०० लिरांचे त्या हिशेबानं बारा आणे उरले. मुलाचा १९३६.२७ हा दर १ जानेवारी १९९९ चा, लिरा युरोत विरघळताना कायमचा गोठवलेला.

नोट आता कुठल्याच बँकेत चालणार नाही. तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोऱ्या कागदाच्या दोन पानांत सपाट ठेवा. त्यातल्या एका पानावर आज्जांचं नाव, पलटण आणि त्यांचं ते वाक्य तुमच्या हातानं लिहा. ट्रंकेत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) असेल तर त्यावरच्या तारखाही उतरवून घ्या. आणि चुलत्यांना जरूर सांगा, १९२७ सालचा त्यांचा दर बरोबर आहे.