पी ०.५६ आला म्हणजे दोन गोळ्या सारख्या झाल्या का?

प्रश्न: मी फार्मसीची स्टुडंट आहे. प्रोजेक्टसाठी एका औषधाच्या दोन फॉर्म्युलेशन्सचा डेटा मिळालाय, १२ जणांवरचा क्रॉसओव्हर (प्रत्येकाला दोन्ही गोळ्या, आळीपाळीने). सीमॅक्सचा (रक्तातल्या औषधाच्या सर्वोच्च पातळीचा) टेस्ट-रेफरन्स रेशो, म्हणजे नवी गोळी भागिले मूळ गोळी, ९४% येतो, लॉग घेऊन अ‍ॅनोव्हा (सरासरींमधला फरक तपासायची टेस्ट) केला तर पी ०.५६. म्हणून मी लिहिलं की फरक नाही, बायोइक्विव्हॅलंट (शरीरात सारख्याच पोचणाऱ्या) आहेत, तर सरांनी लाल रेघ मारली आणि ९०% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा रेशो ज्या पट्ट्यात असावा तो) काढायला लावला, तो आला ७८ ते ११३. माझं चुकलं कुठे? आणि ९०% च का, ९५% का नाही?

उत्तर: रेघ बरोबर मारलीय हो. पी ०.५६ चा अर्थ एवढाच की या डेटात फरक पकडता आला नाही, आणि माणसं कमी घेतली, मोजमाप गचाळ केलं की फरक पकडता येतच नाही, म्हणजे जितका अभ्यास वाईट तितकी गोळी पास, असला उलटा कारभार होईल.

म्हणून इथे हायपोथिसिसच फिरवतात. गोळ्या वेगळ्या आहेत असं धरून चालायचं आणि तसं नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. संख्याशास्त्रज्ञ शुअरमनने १९८७ मध्ये मांडलेली दोन एकतर्फी टेस्टची पद्धत हीच, चालणारी हद्द ८० ते १२५%: एक टेस्ट म्हणते रेशो ८०% च्या वर आहे, दुसरी म्हणते १२५% च्या खाली आहे, दोन्ही ५% लेव्हलला पास व्हायला लागतात. दोन्ही पास होणं आणि ९०% इंटरव्हल अख्खा ८० ते १२५ मध्ये बसणं, गणिताने एकच गोष्ट (दोन्ही टोकांना ५-५% सोडले की मधे ९० उरतात), त्यामुळे ९०. (१२० का नाही? लॉगवर काम चालतं, तिथे ०.८ इतकंच लांब दुसऱ्या बाजूला येतं ते १ भागिले ०.८ म्हणजे १.२५.)

तुमचा खालचा टोक ७८ वर, म्हणजे फेल. आता गंमत बघा, रेशो तोच ९४ पण इंटरव्हल ९१ ते ९७ आला असता तर पी ०.०५ च्या खाली गेला असता, फरक सिग्निफिकंट, तरी बायोइक्विव्हॅलंट! जेनेरिकमध्ये २०% कमी औषध चालतं असं जे लोक ठोकून देतात तेही यामुळेच खोटं, कारण नुसता रेशो नाही, अख्खा इंटरव्हल आत लागतो, रेशो ८१ असेल तर तो आत बसवणं जवळपास अशक्य.

तुमच्या आकड्यांवरून एकाच माणसातला सीव्ही (त्याच माणसात वेळोवेळी होणारा चढउतार) साधारण २५% दिसतोय. एवढ्या सीव्हीला, खरा रेशो ९५% धरला तरी ८०% पॉवरसाठी (म्हणजे पास व्हायची शक्यता ८०% असावी यासाठी) २८ माणसं लागतात, १२ मध्ये भागणारच नव्हतं. आणि आता आणखी १६ जण जोडून परत बघू असं मनात असेल तर तसं जमत नाही, टू-स्टेज डिझाइन (आधी काही माणसं, मग गरज पडली तर आणखी) आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहावं लागतं आणि दोनदा बघण्याची किंमत म्हणून इंटरव्हल रुंद घ्यावा लागतो, बहुतेक वेळा ९४.१२% चा.