अक्षरचौकशी : ‘भुताचं घर’ भीतिदायक कसं लिहावं?

प्रश्न : एकांकिकेच्या पोस्टरसाठी ‘क्रीप्स्टर’ हा भीतिदायक इंग्रजी फॉन्ट उतरवून घेतला. ‘भुताचं घर’ टाइप केलं तर अक्षरं साधीच येतात. फॉन्ट बिघडलाय का? (हौशी नाट्यगट, सांगली)

फॉन्ट ठणठणीत आहे, त्यात देवनागरीच नाही. जी अक्षरं फॉन्टमध्ये नसतात ती संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून घेतो. विंडोजवर बहुधा निर्मला किंवा मंगलमधून. ‘नोसिफर’ या तसल्याच फॉन्टचं तेच, आणि ऑफिससोबत येणाऱ्या ‘चिलर’चंही. अँड्र्यू स्मिथ यांनी 1995 साली केलेला चिलर रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरताच आहे. तेव्हा देवनागरी शीर्षक हवं असेल तर एखादा जाड फॉन्ट घेऊन त्यावर हातानं काम करणं हाच खात्रीचा मार्ग.

प्रश्न : मग ते काम नेमकं कसं करायचं? आमच्या पोरांनी अक्षरांवरून ठिबकणारे ओघळ काढले, पण कुणाला वाचताच येईना.

ओघळ कुठे काढले, यावर सगळं अवलंबून आहे. रोमन अक्षराला कुठूनही ठिबकवलं तरी ते सहसा तेच अक्षर राहतं. आपल्याकडे प्रत्येक रेघेला, टिंबाला अर्थ आहे. शिरोरेषेवरून निघालेला लांब ओघळ दोन अक्षरांच्या मध्ये उतरला की तो काना होतो, आणि ‘घर’ची ‘घार’ उडून जाते. ‘र’खाली सुटा थेंब पडला की ‘ऱ’, शिरोरेषेच्या वर उडाला की अनुस्वार. दंडाच्या तळाशी तिरपा ओघळ म्हणजे पाय मोडला. सर्वांत मोठा धोका ‘भ’चा: त्याच्या शिरोरेषेतली फट रंगानं बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो, आणि तुमच्या नाटकाचं नाव काय होईल ते मोठ्यानं वाचून पाहा. ‘ध’ आणि ‘घ’ यांचंही असंच, म्हणून ‘घ’च्या शिरोरेषेला डावीकडे चावे घेऊ नका.

आता कृती. ‘बलू 2’ या फॉन्टचं सर्वांत जाड रूप घ्या, त्याची टोकं गोल असल्यानं ओघळ सहज जोडले जातात. कुंचल्याचा बाज हवा असेल तर ‘यात्रा वन’, जो मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. ‘मोदक’ मात्र टाळा. अक्षरांच्या आतल्या जागा इतक्या चिंचोळ्या आहेत की ओघळाला वावच उरत नाही.

इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये शब्द टाइप करा, अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवा (वाढवलं की शिरोरेषा तुटते) आणि एक प्रत बाजूला काढून ठेवा, कारण पुढच्या पायरीनंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मग कंट्रोल-शिफ्ट-सी करून अक्षरांचे आकार करा, गट सोडवा आणि युनियननं सगळं एकसंध करा. ओघळ वेगळे काढायचे: मान बारीक, टोक फुगीर, दिशा सरळ खाली. ते मुख्यतः ‘त’, ‘च’, ‘घ’ यांच्या दंडांच्या तळाशी जोडा. ‘भु’च्या उकाराला हात लावू नका. सात-आठ ओघळांत एकच खरा लांब, दोन मध्यम, बाकी आखूड. सगळे सारखे झाले की झालर दिसते. शिरोरेषेखाली ओघळ हवाच असेल तर अक्षराच्या उंचीच्या पाव भागापुढे नेऊ नका. ‘रफन’ हा तयार परिणाम वापरायचा मोह होतो, पण तो फट, टिंब, दंड असा भेद न करता सगळंच सारखं कुरतडतो.

शेवटी पोस्टर ए2 असेल तर ए4वर छापून सहा फुटांवरून बघा; ते ए2 बारा फुटांवरून बघण्यासारखंच आहे. नाटक माहीत नसलेल्या माणसाला वाचायला लावा.

प्रश्न : इंग्रजी ‘BOOOO’ लिहिलं तर चारही ओ एकाच साच्यातले दिसतात.

हाती काढलेल्या फॉन्टचं बिंग इथेच फुटतं. अशा बऱ्याच फॉन्टमध्ये छोट्या (स्मॉल) अक्षराच्या जागी मोठ्या (कॅपिटल) अक्षराचंच दुसरं रूप बसवलेलं असतं, म्हणून मोठा आणि छोटा ओ आलटूनपालटून टाइप करून पाहा. तेही नसेल तर एक ओ किंचित फिरवा, एकाचा तळ दोन-तीन टक्के खाली सरकवा.

प्रश्न : हेच शीर्षक टी-शर्टवर छापून विकायचं आहे. चालेल?

परवान्याचं आधी. क्रीप्स्टर, बलू, यात्रा वन हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यावर केलेलं चित्र विकता येतं, नुसता फॉन्ट विकता येत नाही. फुकट फॉन्टांच्या संकेतस्थळांवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट असेल तर तिकीट लावलेल्या प्रयोगाचं पोस्टरही त्यात बसत नाही.

छपाईचं म्हणाल तर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई कापडावर पसरते. ओघळाची मान आणि दोन ओघळांतली फट, दोन्ही पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी नकोत. मान गेली तर खाली सुटा थेंब उरतो, फट बुजली तर जाड डाग. व्हिनाइल (प्लॅस्टिकचा रंगीत पातळ पापुद्रा) यंत्रानं कापून चिकटवणार असाल तर आधी कंट्रोल-एलनं बाह्यरेषेवरचे जादा बिंदू कमी करा, नाहीतर काटेरी कोपऱ्यांत पाती अडकते आणि नको असलेलं व्हिनाइल सोलताना टोकंही निघून येतात. हे केल्यावर ‘भ’ची फट शाबूत आहे ना, ते पुन्हा तपासा. बिंदू कमी करताना ती अनेकदा आक्रसते.